यंदा संकल्प नाही, एकच शब्द

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या डब्यात डायऱ्या निघायच्या. मुलुंड ते सीएसएमटी, ठाण्याहून सुटणारी स्लो, लेडीज डबा, सहाजणींचा ग्रुप. चौथ्या सीटवर अर्धी टेकून मीही लिहायचे: रोज चालणं, साखर बंद, महिन्याला पाच हजार बाजूला, रात्री दहानंतर फोन नाही, चिडायचं नाही. एका वर्षी चोवीस कलमं झाली होती. भायखळा येईपर्यंत यादी पूर्ण, आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईपर्यंत तिच्यावर पाणी सोडलेलं.

'पाणी सोडणं' इथे गमतीचं आहे. पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सांगतात तेव्हाही हातावरून पाणीच सोडायला लावतात. पण त्या संकल्पात स्थळ, काळ, नाव, गोत्र आणि नेमकं कार्य मोठ्याने उच्चारायचं असतं, आणि तो त्या एका पूजेपुरता असतो. उत्तरपूजा झाली, विषय संपला. आपण मात्र चोवीस पूजा एकदम मांडतो आणि त्या ३६५ दिवस चालतील असं गृहीत धरतो.

तीन वर्षांपूर्वी मी यादी बंद केली आणि वर्षासाठी एक शब्द घ्यायला लागले. कल्पना माझी नाही, अमेरिकेत ती बरीच वर्षं रुळलेली आहे. आपल्याकडे येईपर्यंत मात्र ती फार गोंडस झाली: सोनेरी अक्षरांत शब्द, मागे सूर्योदय, खाली हॅशटॅग. माझा पहिला शब्द अगदी तसाच होता आणि तो पार वाया गेला. म्हणून या लेखात शब्द सुचण्यापेक्षा तो ठोकून बघण्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

शब्द हवाय की संकल्प, हे आधी ठरवा

संकल्प अगदीच निकामी असतात असं म्हणणं खोटं ठरेल. जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नव्या वर्षाचा संकल्प केलेले १५९ जण होते, आणि बदल हवासा वाटणारे पण संकल्प न केलेले १२३. सहा महिन्यांनी पहिल्यांपैकी ४६ टक्के टिकून होते, दुसऱ्यांपैकी फक्त ४ टक्के. तेव्हा डॉक्टरांनी शुगर खाली आणायला सांगितली असेल, कर्जाचा हप्ता वाढवायचा असेल, लायसन्स काढायचं असेल, तर शब्दाच्या भानगडीत पडू नका. आकडा लिहा, तारीख लिहा, कामाला लागा. मोजता येतं ते मोजावं.

शब्द लागतो तो स्वभावाच्या गोष्टींना. तोंडातून 'हो' पटकन निघतं. मदत मागायला जीभ रेटत नाही. घरात पाय ठेवल्याबरोबर आवाज चढतो. सगळं शेवटच्या दिवसावर जातं. याचा आकडा काय लिहिणार? 'वर्षातून दोनशे वेळा चिडणार नाही' असा संकल्प करता येत नाही. इथे, त्या क्षणी, कानात कुणीतरी एक शब्द कुजबुजावा लागतो. ज्याला त्या क्षणी काही सांगता येत नाही तो शब्द कितीही सुंदर असो, वर्षासाठी घेऊ नये.

पहिली पायरी: चुटपुट आणि हायसं

मेगाब्लॉकचा रविवार धरा, कुठे जायचं नसतंच. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'चुटपुट', उजवीकडे 'हायसं'. सरलेल्या वर्षात जिथे जिथे मनाला चुटपुट लागून राहिली ते डावीकडे, जिथे हायसं वाटलं ते उजवीकडे. दोन्हीकडे निदान दहा-दहा.

आठवणीवर विसंबू नका. आठवण शेवटच्या दोन महिन्यांचीच बाजू घेते, आणि त्यातही दिवाळीचीच. पुरावे काढा. फोनमधले फोटो जानेवारीपासून खाली सरकवत या. यूपीआयची नोंद बघा: रात्री साडेअकराला मागवलेली बिर्याणी तिथे तारखेसकट सापडते. आणि घरात कालनिर्णय असेल तर ते भिंतीवरून उतरवाच. आमच्याकडे त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या, मुलीच्या परीक्षा असं सगळं बारीक अक्षरात असतं. मागच्या वर्षीचं मी उतरवलं तेव्हा जूनच्या पानावर 'आईकडे' असं तीनदा लिहिलेलं आणि तीनदा खोडलेलं दिसलं. डाव्या रकान्यातली पहिली ओळ तीच.

प्रसंग लिहा, गुण लिहू नका. 'मी आळशी आहे' असं नाही. 'सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळतीचा विषय निघाला तेव्हा गप्प बसले, मग घरी येऊन दोन तास नवऱ्याला ऐकवलं' असं.

दुसरी पायरी: एक साधं वाक्य

आता रकाने वाचा आणि सारखं काय दिसतंय ते एका वाक्यात उतरवा. बोलीत उतरवा, अहवालात नको. 'निर्णयक्षमतेचा अभाव' असं लिहिलंत तर शब्दही तसाच कोरडा निघेल. आमच्या ग्रुपमधली एक जण सरकारी रुग्णालयात नर्स आहे. तिच्या डाव्या रकान्यात चार गोष्टी होत्या: रजा मागितली नाही, मुलाला भांडी घासायला सांगितली नाही, उसने दिलेले पैसे परत मागितले नाहीत, गाडीत पाठ भरून आली तरी 'जरा सरकता का' म्हटलं नाही. तिचं वाक्य झालं: 'मला मागता येत नाही.' शब्द तिथेच तयार होता, 'माग'. पुढचं काही करावंच लागलं नाही.

सगळ्यांचं इतकं सरळ येत नाही. माझं पहिलं वाक्य 'मला वेळ नसतो' असं होतं, आणि ते खोटं निघालं. उजवा रकाना बघितला तर हायसं वाटल्याच्या दहापैकी सात जागा अशा, की जिथे मी काहीतरी नाकारलं होतं. वेळ होता, मी तो वाटून टाकत होते. वाक्य अडलं तर उजव्या बाजूला बघा. तिथे उत्तर बऱ्याचदा आधीच येऊन बसलेलं असतं.

तिसरी पायरी: शब्द गोळा करा, आणि तोंडातले घ्या

पंधरा-वीस तरी जमवा. इंग्रजी शब्दांच्या तयार याद्या नेटवर शेकड्याने मिळतात. त्यांचं मराठी करत बसलात की 'सजगता', 'कृतज्ञता', 'सक्षमीकरण' असं काहीतरी हाती येतं. हे शब्द वाईट नाहीत, पण रात्री पावणेअकराला सिंकमधली भांडी बघून कुणी स्वतःला 'सजगता!' म्हणत नाही. तेव्हा आपण स्वतःशी जे बोलतो तेच शब्द कामाचे.

ते कुठे सापडतात? आजीच्या बोलण्यात: 'उरक', 'नीट', 'सावकाश', 'टाक मागे'. बेस्टच्या कंडक्टरकडे: 'पुढे चला'. भाजीवाल्याशी घासाघीस करताना: 'राहू दे'. माझा कल आज्ञार्थी क्रियापदांकडे आहे: थांब, सांग, सोड, धर, ऐक, उतर. मराठीची एक खास सोय म्हणजे ही रूपं आखूड आणि 'तू'ला उद्देशून असतात, त्यामुळे स्वतःला हाक मारल्यासारखी वाटतात. काही शब्द दुहेरी कामाचे निघतात. 'विचार' म्हणजे मनातला विचार आणि 'विचार की!' असा धक्काही. 'बस' मात्र मुंबईत घेऊ नका, तीन अर्थ होतात आणि तिन्ही स्टॉपवर उभे राहून ऐकू येतात.

'नको' सांगणारे शब्द शक्यतो उलटवून घ्या. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांच्या नववर्ष संकल्पांचा वर्षभर मागोवा घेतलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहीतरी करायचं ठरवलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांनी यश मिळाल्याचं सांगितलं. काहीतरी टाळायचं किंवा सोडायचं ठरवलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होतं. तो अभ्यास संकल्पांचा आहे, शब्दांचा नव्हे, हे खरं. तरी 'राग नको'पेक्षा 'सावकाश' बरा, कारण त्यात निदान पुढे काय करायचं ते आहे.

आणि यादीतून 'बघू' आधी खोडा. आमच्या घरात हा शब्द एका व्यक्तीने बावीस वर्षं घेतलेलाच आहे.

चौथी पायरी: ठोकून बघा

इथे घाई केलीत तर बाकी सगळं फुकट. माझ्या पहिल्या वर्षाचा शब्द 'समतोल' होता. छान वाटत होता. फेब्रुवारीत ऑफिसात साहेबांनी विचारलं, 'पुढचे तीन शनिवार याल का? दुसरं कुणी नाहीये.' मी मनात 'समतोल' म्हटलं. समतोल म्हणाला, घरही महत्त्वाचं आहे. मग म्हणाला, नोकरीही महत्त्वाची आहे. तोवर माझ्या तोंडून 'येते' निघून गेलं होतं. दोन्ही बाजूंनी बोलणारा वकील काय कामाचा?

तेव्हापासून मी प्रत्येक शब्दाला चार चाचण्या लावते.

पहिली, दाराची. तीन खरे प्रसंग घ्या, एक पैशाचा, एक वेळेचा, एक माणसाचा. गाडी फलाटावर येतेय, चढायचं की नाही हे दोन सेकंदांत ठरवायचंय, इतक्या घाईने शब्द मनात म्हणा. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं आलं पाहिजे. तिन्हीपैकी दोन ठिकाणी तरी. व्याख्यान सुरू झालं तर शब्द बाद.

दुसरी, उलटी. शब्दाचा विरुद्धार्थी घ्या. तोही कुणा शहाण्या माणसाला कधीतरी हवासा वाटेल का? 'आनंद'च्या उलट दुःख, ते कुणालाच नको, मग 'आनंद' निवडून तुम्ही ठरवलंत काय? 'सावकाश'च्या उलट 'झटपट', आणि झटपट हवं असणारी माणसं असतात, तीही बरोबर असतात. म्हणजे 'सावकाश' घेताना तुम्ही खरंच काहीतरी सोडताय. या चाचणीत यश, प्रगती, प्रेम, सकारात्मकता सगळे धडाधड पडतात.

तिसरी, मोठ्याने. दार लावून, आरशासमोर नाही (फार नाटकी होतं), पोळ्या लाटताना म्हणा. हसू आलं तर चालेल. लाज वाटली तर शब्द परका आहे.

चौथी सर्वांत महत्त्वाची आणि सगळे तीच गाळतात: हा शब्द मी पळवाट म्हणून कसा वापरीन? माझा दुसऱ्या वर्षीचा शब्द 'पुरे' होता. त्याने काम चोख केलं. दादरला रानडे रोडवर हातात हिरवी कुर्ती, विक्रेता म्हणतोय, 'ताई, दोन घ्या, तीनशेला देतो', आणि माझ्या कपाटात त्याच हिरव्याच्या दोन. 'पुरे.' कुर्ती परत ठेवली, हातात फक्त कोथिंबीर घेऊन जिना चढले. मुलीच्या टक्क्यांवरून चाललेला वाद तिसऱ्यांदा सुरू झाला, 'पुरे', मीच उठले. पण ऑगस्टमध्ये एकदा आईचा फोन आला. ती तीच शेजाऱ्यांची गोष्ट चौथ्यांदा सांगत होती आणि मी मनात 'पुरे' म्हणून फोन आटोपता घेतला. रात्री झोप आली नाही. डाव्या रकान्यात ज्या कारणाने पहिली ओळ लिहिली होती, शब्दाने मला तिथेच नेऊन सोडलं. तेव्हा शब्दाखाली एक ओळ आधीच लिहून ठेवा: हा कुठे लागू नाही. मी नंतर लिहिलं, 'आईला नाही.'

चाचण्यांतून दोन-तीन उरले की एकेक आठवडा वापरून बघा. १ जानेवारीलाच ठरलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? मध्यरात्री बंदरातली जहाजं आणि लोकल भोंगे वाजवतात, तेवढ्यावर आयुष्याचा निर्णय अवलंबून ठेवायचं कारण नाही. संक्रांतीपर्यंत खुशाल घोळवा.

पाचवी पायरी: शब्दाला तीन खिळे

नुसता शब्द हवेत राहतो. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ सालच्या लेखात 'जर–तर' पद्धतीची योजना मांडली. 'अमुक घडलं तर मी तमुक करीन' असं आधीच ठरवून ठेवलं की ऐन वेळी विचार करत बसावं लागत नाही. त्यावर पुढे भरपूर संशोधन झालंय. शब्दाला असे तीन जर–तर ठोका. चौथा नको, नाहीतर पुन्हा यादी सुरू होते.

नर्स मैत्रिणीचे तीन असे होते. ड्यूटीचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी बदल हवा तर मागायचा. घरी पोचल्यावर पर्स ठेवायच्या आधी मुलाला एक काम सांगायचं. गाडीत तिघी बसलेल्या दिसल्या की 'सरका' म्हणायचं. शेवटचा फार क्षुल्लक वाटतो ना? पण रोजचा सराव तोच होता. फेब्रुवारीत ती 'जरा सरकता का प्लीज' म्हणायची, जुलैत नुसतं 'सरका', आणि सप्टेंबरात तिने साहेबांकडे बदलीचा अर्ज दिला.

सहावी पायरी: ठेवायचा कुठे

फोनच्या वॉलपेपरवर लावलात तर आठव्या दिवशी तो दिसेनासा होतो. शब्द तिथे ठेवा जिथे चूक होते. खर्चाचा असेल तर डेबिट कार्डावर कागदी पट्टी चिकटवून. सकाळच्या घाईचा असेल तर अलार्मला नाव देऊन: सहाच्या गजराला 'अलार्म' ऐवजी 'सावकाश' असं दिसू द्या. चिडण्याचा असेल तर लॅचच्या किल्लीला. माझा 'पुरे' पासच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात, पासच्या मागे होता. दर महिन्याला पास काढताना चिठ्ठी बाहेर पडायची, ती परत आत घालताना दोन मिनिटं आपोआप हिशोब व्हायचा.

सांगायचं कुणाला? स्टेटसला टाकू नका. शंभर जणांनी अंगठा दाखवला की काम झाल्यासारखंच वाटतं. एका माणसाला सांगा, ज्याला तुम्हाला टोकायचा हक्क आहे आणि टोकायची हौसही. मुलं या कामाला उत्तम, दयामाया नसते. मात्र उलट दिशेने करू नका. मी मुलीसाठी 'लक्ष' हा शब्द काढून दिला होता. तिने तो फ्रिजवर लावला, माझ्या नावाखाली.

सातवी पायरी: वर्षभर जिवंत ठेवणं

कॅलेंडरचं पान उलटाल त्या दिवशी दहा मिनिटं काढा. दोनच प्रश्न: शब्द कुठे उपयोगी पडला, कुठे आठवलाच नाही? एकेक प्रसंग उलटलेल्या पानाच्या मागे लिहा. गुण देऊ नका.

फेब्रुवारीत सगळं थंडावेल, ते गृहीत धरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक तो आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. '२१ दिवसांत सवय' म्हणणाऱ्यांना हे अवश्य दाखवा.

शब्द बदलायचा का? माझा नियम असा: गुढीपाडव्यापर्यंत बदलायची मुभा. आपल्याला दुसरं नवं वर्ष फुकट मिळतंय, ते वापरावं. गुढी उभारली की शब्द पक्का. त्यानंतर तो कंटाळवाणा वाटायला लागला तर तो सहसा नेमक्या दुखऱ्या जागी पोचलेला असतो, तेव्हाच सोडायचा नाही. घरात आजारपण आलं, नोकरी गेली, तर मात्र नियम गुंडाळून ठेवा. त्या वर्षाचा शब्द ते वर्षच ठरवतं.

आणि वर्ष फार लांब वाटत असेल तर चार महिन्यांचा शब्द घ्या. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम याच मापाचा असतो, आषाढी ते कार्तिकी. माझी आजी दर वर्षी एकच गोष्ट सोडायची, कधी वांगं, कधी गादीवर झोपणं. कार्तिकात उद्यापन करून नेम संपवायची, आणि सोडलेली वस्तू कुणाला तरी देऊन टाकायची. वांग्याच्या वर्षी शेजारच्या तीन घरांत वांगी गेली होती.

ते उद्यापन मी उचललंय. डिसेंबरच्या शेवटी पासच्या कव्हरातली चिठ्ठी काढते आणि ज्याला हवी त्याला देते. गेल्या खेपेला 'पुरे' धाकट्या जावेसमोर धरला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, मागे लिहिलेलं 'आईला नाही' वाचलं आणि म्हणाली, 'वहिनी, मला नको, भाऊजींना द्या. रात्रीच्या बातम्या बघताना लागेल.' चिठ्ठी सध्या रिमोटच्या मागे, सेलोटेपने.